आत्याबाईंच्या नावाची

मला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं, की कोच म्हणजे तोंड. हातपाय नंतर. मी खेळत होते तेव्हा मला वाटायचं, कोचला काय, गळ्यात शिट्टी अडकवायची, पोरींना पाणी प्यायला सोडायचं आणि जिंकल्यावर फोटोत मधोमध उभं राहायचं. आता इतकी वर्षं हेच करतेय, तर सांगते, फोटो काढेपर्यंत घशात आवाज शिल्लक राहत नाही. आणि सुरुवातीला तर माझी अशी गोची झाली होती, की तशी अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या कोचची झाली नसेल. माझ्या टीममधल्या सगळ्यात भारी पोरीचं नाव मला घेता येत नव्हतं.

कारण ती माझ्या सासूबाईंच्या नावाची होती.

हसू नका. आमच्याकडं सून सासूचं नाव घेत नाही. कुठं पाटी लावलेली नाही, दंड नाही, पण घेत नाही म्हणजे नाही. सासूच्या नावाची अगरबत्ती निघाली तर दुकानात जाऊन 'ती पिवळ्या पुड्यातली द्या' म्हणायचं. माझ्या एका जावेनं तर सासूच्या नावाचं गाव लागतं म्हणून एसटीत तिकीट मागताना 'त्याच्या अलीकडचं' मागितलं आणि उरलेली वाट उन्हात तुडवली. आता मला सांगा, अशा घरातली सून भर मैदानात सासूच्या नावानं 'अगं ए गधडे, बॉल बघ' असं ओरडणार कशी?

मी मूळची शेवगावची. कॉलेजात व्हॉलीबॉलची स्मॅशर होते. उंची बेताची, पण उडी मोठी आणि तोंड त्याहून मोठं. आमचे सर मैदानाच्या त्या टोकावरून माझ्या नावानं अशी बोंब ठोकायचे, की रस्त्यावरून चाललेली गाडी थांबायची. मला ते लई आवडायचं. कुणीतरी आपलं नाव घेऊन ओरडतंय, म्हणजे आपल्यावाचून त्याचं अडलंय, असं वाटायचं. रेफरीशी भांडण्यात तर माझा हातखंडा होता. एकदा एकानं माझा पाय रेषेवर पडला म्हणून सांगितलं, तर मी त्याला माझा पाय आणि रेष दोन्ही मोजून दाखवायला निघाले होते.

मग लग्न झालं. पाथर्डीच्या पलीकडं डोंगराच्या कडेला आमचं गाव. बाजरी, कपाशी, तूर, आणि पाऊस झालाच तर बाकी सगळं. बूट पेटीत गेले. दोन लेकरं झाली. आणि एके दिवशी हायस्कूलचे हेडसर घरी आले. शाळेत नेट होतं, बॉल होते, पण शिकवणारं कुणी नव्हतं. त्यांनी हे मला नाही, सासूबाईंना विचारलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाई सुपात बाजरी घेऊन खडे वेचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमची सून काय शिकवणार? तिला अजून भाकरी गोल येत न्हाई."

मी चुलीपुढं लालबुंद.

"पर जाऊ द्या," आत्याबाई म्हणाल्या, "घरात भांडी आपटती, तिथं बॉल आपटंल. भांडी तरी वाचत्याल."

असं माझं सिलेक्शन झालं.

पहिला आठवडा मी शिकवलंच नाही, नुसती खेळले. इतक्या वर्षांनी हातात बॉल आला, मग काय विचारता! ओढणी कमरेला खोचली आणि आठवी-नववीच्या पोरींवर धडाधड स्मॅश मारत सुटले. पोरी बिचाऱ्या बॉल चुकवायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. आत्याबाई रोज संध्याकाळी शेंगा सोलायचं निमित्त करून मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली येऊन बसायच्या. सून चारचौघांत काय करते ते बघायचं असणार. चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जाताना मला म्हणाल्या, "पगार तुला टाळ्या वाजवून घ्यायचा देत्यात व्हय?" मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी स्वतः नेटच्या बाहेर उभी राहिले आणि तेव्हा कळलं, की बाहेर उभं राहणं किती अवघड आहे. माझे हात आपोआप वर जायचे. एकदा पोरीनं बॉल उचलून दिला आणि मी रेषेबाहेर, हवेत, रिकामीच स्मॅश मारून आले. पोरी पोट धरून लोळल्या.

पण पोरी गुणाच्या. आम्हाला सगळ्यात जड गेली ती जागा बदलायची भानगड. सर्व्हिस आपल्याकडं आली की सहाही जणींनी घड्याळाच्या काट्यासारखं एकेक जागा सरकायचं. कुणी डावीकडं पळायची, कुणी जागच्या जागी गिरकी घ्यायची. मी ओरडून ओरडून थकले. शेवटी म्हणाले, "मध्ये मारुतीराया उभा आहे असं समजा आणि त्याला उजवी घाला." झालं! एका दिवसात आलं. फक्त तालुक्याच्या मॅचला अशी फजिती झाली, की दर सर्व्हिसला माझ्या पोरी एक घर सरकायच्या आणि मधल्या रिकाम्या जागेला हात जोडायच्या. रेफरीनं मला बोलावून विचारलं, "मॅडम, हे काय?" मी म्हणाले, "श्रद्धा आहे, सर." समोरच्या टीमला वाटलं आम्ही काहीतरी करणी केली. निम्मी मॅच त्या धास्तीनंच हरल्या.

तर ती पोरगी. नववीतली. लांब हात, काटक अंग, खांदे तर उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन घट्ट झालेले. तिचे आईबाप दर वर्षी दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे आणि ही त्यांच्याबरोबर. कारखान्याच्या रानात पाचटाची खोप, तिथं धाकट्या भावाला सांभाळायचं, भाकरी थापायच्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गावात परत येऊन कशीबशी परीक्षा द्यायची. नाव पणजीचं ठेवलेलं, जुन्या वळणाचं. तिनं मारलेला बॉल समोरच्या पोरी घ्यायला नाही, चुकवायला बघायच्या. दोष एकच. मारून झालं की बाईसाहेब तिथंच उभ्या राहून आपण काय मारलंय ते बघत बसायच्या, आणि तिच्या पाठीमागं जागा रिकामी. कुणीही हलकेच बॉल तिथं टाकावा.

अशा वेळी कोचनं नाव घेऊन ओरडायचं असतं. मी काय ओरडू?

'ए पोरी' म्हणून बघितलं. सहाही जणींनी माझ्याकडं माना वळवल्या आणि बॉल मध्ये पडला. 'मागं, मागं!' म्हणून बघितलं. सगळ्याच मागं पळाल्या आणि पुढं मोकळं रान. नंबरानं हाक मारावी तर शाळेचे टीशर्ट गाठोड्यातून जिच्या हाती जो लागेल तो, आज चार तर उद्या नऊ, तिचं तिलाच ठाऊक नसायचं. 'लंबे' म्हणून बघितलं, तर तिची आई दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी, "माझ्या लेकीला नावं ठेवायची न्हाईत, सांगून ठेवते." मग शेवटी राहिलं ते एकच, बायका म्हणतात तसं, "आत्याबाईंच्या नावाची!"

आता करा विचार. बॉल नेटवरून यायला लागतो डोळ्याची पापणी लवावी एवढा वेळ. मी सुरू करायचे, "अगं ए, आत्याबाईंच्या..." तोवर बॉल जमिनीवर टप्पा खाऊन लिंबाखाली आत्याबाईंच्या मांडीवर. त्या शेंगा सावरत म्हणायच्या, "मला कशाला हाक मारती?"

घरी एकटीनं म्हणून बघावं, तर जीभच वळत नव्हती. ज्या बाईनं माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला एक घागर उचलू दिली नाही, तिचं नाव घेऊन तोंडानं 'गधडे' कसं निघणार? गधडेशिवाय मला शिकवता येत नाही, ही दुसरी अडचण.

असं करत करत आम्ही तालुका जिंकला. जिल्ह्याची मॅच दसऱ्याच्या आधी होती, ती जिंकली तर विभागाला जायचं, आणि विभागाच्या मॅचेस दिवाळीनंतर. हेडसर आनंदात पेढे वाटत होते, तर ही पोरगी नेटच्या खांबाला टेकून उभी. मी विचारलं काय गं, तर म्हणाली, "मॅडम, दिवाळीनंतर मी कुठं असणार? तुमी दुसरी कुणी तयार करा."

खेळ गेला चुलीत, पण नववीचं वर्ष जाणार होतं. बाप म्हणत होता, यंदा हिच्या हातात कोयता द्यायचा, अंगानं भरली आहे. म्हणजे पुढच्या वर्षी लग्न. हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही, एक झालं की दुसरं मागून येतंच. मी तिच्या बापाकडं गेले. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "वहिनी, मला बी कळतंय. पर वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर गावात टाकून जाऊ? घरात म्हातारं मानूस न्हाई. तुमच्या घरी तुमच्या सासूबाई ठिवून घेत असतील, तर माझी ना न्हाई."

मी उड्या मारत घरी आले. आत्याबाई तुळशीला पाणी घालत होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "न्हाई."

"अहो पण..."

"लोकाची लेक हाय. उद्या काही इकडचं तिकडं झालं तर त्याच्या आईबापाला काय तोंड दाखवू? सहा महिने ही जोखीम. न्हाई म्हंजी न्हाई."

मी त्या रात्री भांडी आपटली. नेहमीपेक्षा जास्त. काही उपयोग झाला नाही. सकाळी तिच्या बापाला जाऊन सांगितलं, आत्याबाई जोखीम घ्यायला तयार नाहीत.

नगरला मॅचसाठी निघालो तेव्हा आमच्या ह्यांनी ओळखीची जीप ठरवली होती, हेडसर एसटीनं पुढं गेले होते. पोरींच्या घरच्यांनी अट घातली, कुणीतरी जाणतं बाईमाणूस बरोबर पाहिजे. मी त्यांना जाणती वाटत नव्हते! मग आत्याबाईच निघाल्या, नवं लुगडं नेसून, मांडीवर दशम्यांचं गाठोडं घेऊन. जीपमध्ये पोरी अशा कोंबलेल्या, की एकीनं शिंकलं तर सगळ्या हलायच्या. एकीला गाडी लागली, तिला बघून दुसरीला लागली, मग ड्रायव्हरलाच कसंतरी व्हायला लागलं. करंजीचा घाट उतरेपर्यंत पोरींनी गाणी म्हणून म्हणून घसे बसवले. मी बजावत होते, आवाज जपून ठेवा. माझ्या आवाजाचं नंतर बघू म्हटलं.

आमची गाठ पडली नगर शहरातल्या एका शाळेशी. त्यांच्या पोरींचे बूट बघून आमच्या पोरींनी आपापले पाय एकमेकींच्या मागं लपवले. पहिला सेट आम्ही हरलो. दुसरा आमच्या ह्या पोरीनं एकटीच्या हातावर ओढून आणला. तिसरा बरोबरीत चालला होता, आणि तिथं समोरच्या कोचला आमचं बिंग कळलं. मोठा हुशार बाबा. त्यानं पोरींना नुसतं बोटानं दाखवलं, त्या उंच पोरीच्या मागं टाका. एक टाकला. पॉइंट. दुसरा टाकला. पॉइंट.

मी रेषेवर नाचत होते. "अगं ए, आत्याबाईंच्या..." धप्प. पॉइंट. "अगं, आत्या..." धप्प. रेफरी माझ्याकडं बघायला लागला, ही बाई दर बॉलला आत्याला का हाक मारते? घाम माझ्या डोळ्यांत उतरला होता. आता गेलं सगळं, असं वाटून मला तिथंच रडू फुटायला लागलं होतं.

आणि माझ्या पाठीमागून आवाज आला. असा आवाज, की तो या बाईच्या अंगात असेल असं मला इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. पदर खांद्यावरून घसरलेला, एक हात वर. त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. पूर्ण, खणखणीत, मैदानाच्या पार पलीकडं पोचेल असं. आणि त्याला जोडून म्हणाल्या, "मेले! मागं बघ की! आंधळी झालीस का?"

पोरगी झर्रकन वळली, अंग टाकलं, बॉल वर आला. आमचा पॉइंट.

मी तोंड उघडं टाकून आत्याबाईंकडं बघत राहिले. त्या माझ्यावरच उखडल्या, "माझ्याकडं काय बघती? घे नाव! मी सांगती, घे! मी काय मरत न्हाई त्यानं!"

मी घेतलं. देवाशपथ सांगते, पहिल्यांदा ते घशातच अडकलं, कोंबडीसारखा आवाज आला. दुसऱ्यांदा निघालं. आणि तिसऱ्यांदा 'गधडे'सकट निघालं! मागून आत्याबाई, पुढून मी, एकाच नावानं ठणाणा. बाकीच्या पोरींना पण चेव चढला, त्याही त्याच नावानं ओरडायला लागल्या, पाणी द्यायला बसलेल्या राखीव पोरी तेच ओरडायला लागल्या. समोरच्या टीमला कळेना, ही एकच पोरगी आहे का सगळ्यांचं हेच नाव आहे. शेवटचा बॉल तिनं असा मारला, की तो पडल्यावर धूळ खाली बसायला वेळ लागला.

जिल्हा जिंकलो! मी रेफरीला मिठी मारणार होते, ऐनवेळी सावरले आणि हेडसरांचे पाय धरले. ते घाबरून मागं सरकले.

परतताना जीपमध्ये पोरी आत्याबाईंच्या नावाचा जयजयकार करत होत्या. कुणाचा म्हणून करत होत्या देव जाणे, पोरीचा का म्हातारीचा. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, हसता हसता त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "माझी आई वारल्यापून हे नाव कुणी घेतलं न्हाई बघ. मामंजी तुझे आयुष्यभर 'अगं ऐकलं का' म्हनले. लेकरं आई म्हनली, सुना आत्याबाई. मी इसरलेच हुते, आपल्याला नाव हाय म्हून."

मी त्यांचा हात धरून बसले. सोडवत नव्हता.

पण पोरीच्या राहण्याचा विषय मी काढला नाही. एकदा नाही म्हणालेल्या बाईला पुन्हा विचारून त्यांच्या आनंदावर पाणी ओतायचं धाडस झालं नाही, हे खरं. दसरा झाला. दोनच दिवसांनी सकाळी मारुतीच्या देवळापुढं टोळीचा ट्रॅक्टर उभा राहिला. दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, गाठोडी, शेळ्या, कोंबड्या, माणसं. मी डब्यात शंकरपाळे घेऊन तिला निरोप द्यायला गेले. ती वर बसली होती, भावाला मांडीवर घेऊन, शाळेचा टीशर्ट अंगात. म्हणाली, "मॅडम, मी रोज भिंतीवर मारायची प्रॅक्टिस करीन." खोपीला भिंत कुठली आलीय, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी मान हलवली आणि रडायला लागले. रडताना पण मी मोठ्यानं रडते, त्याला इलाज नाही. दोन शेळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. अनवाणी, हाताला पीठ तसंच. सरळ तिच्या बापासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरगी खाली उतरव."

"मावशी, तुमीच तर म्हनला हुता जोखीम..."

"जोखीम माझी." आत्याबाईंना धाप लागली होती. "इतक्या वर्सांनी माझं नाव माझ्या कानावर पडाया लागलंय. ते मी उसाच्या फडात जाऊ देनार न्हाई."

बापानं डोकं खाजवलं. तो काही बोलायच्या आत पोरीची आई ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढली. लेकीच्या मांडीवरचं पोर तिनं आपल्या काखेत घेतलं, दुसऱ्या हातानं लेकीचं गाठोडं ओढून काढलं आणि खाली माझ्या अंगावर फेकलं. मी ते दोन्ही हातांनी झेललं. तिची आई खाली बघून एवढंच म्हणाली, "जेवाया लई लागतं तिला. उपाशी ठिवू नका." आणि लगेच पदरात तोंड घालून मागं वळून बसली. ट्रॅक्टर निघाला. पोरगी रस्त्यात उभी राहून हात हलवत राहिली, भाऊ दिसेनासा होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. मी स्वयंपाकघरातून, गॅसकडं तोंड करून, नेहमीच्या मैदानावरच्या आवाजात तिला नावानं हाक मारली.

ओसरीवरून आणि माजघरातून, दोन्हीकडून 'ओ' आली. आत्याबाईंची आधी आली.